चालती गाडी बंद पडते आणि मग चावीचा दिवा लुकलुकतो: दोष चावीचा, इमोबिलायझरचा की वायरिंगचा?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे गाडीने जीव नकोसा केला आहे. फ्युएल इंजेक्शनची, चिपवाल्या चावीची मोटरसायकल आहे. डावीकडे पूर्ण हँडल वळवून यू टर्न घेताना दोनदा इंजिन अचानक बंद पडलं. मीटर काळा झाला, लगेच परत पेटला, सुई एकदा वर जाऊन खाली आली आणि चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकायला लागला. सेल्फ मारला की स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही. चावी काढून, थोडं थांबून पुन्हा लावली की कधी चालू होते, कधी नाही.

एका मेकॅनिकने सांगितलं, इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) गेला, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), लॉकसेट आणि चाव्या असा सगळा संच बदला. दुसरा म्हणाला, बदलायचं काही नाही, मी इमोबिलायझर बायपास करून देतो. दोन्ही ऐकून पोटात गोळा आला. एक काय आणि दुसरं काय, करून घेण्याआधी मला हे नीट समजून घ्यायचं आहे. चावी फिरवल्यावर आत नक्की काय घडतं? आणि इमोबिलायझर चालत्या गाडीचं इंजिन बंद करू शकतो का? दुसऱ्या वेळी मागे मुलगी बसली होती आणि मागून ट्रक येत होता. तो क्षण डोक्यातून जात नाही.

पहिलाचगिअर

आधी दोघं सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मेन फ्यूज आणि बॅटरीचे नट तपासलेत का? माझ्या गाडीचा मायनसचा नट हाताने फिरत होता, लक्षणं बरीचशी अशीच होती.

पायवाट

फ्यूज काढून पाहिला, चांगला आहे. नट घट्ट आहेत. बॅटरी मागच्या वर्षीची.

तारजोड

दुचाकीच्या वायरिंगचं काम १९ वर्षं करतो आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या वर्णनातच अर्धं निदान आहे.

चावी फिरवली की दोन वेगळी कामं सुरू होतात. आपण दोन्हींना मिळून 'चावी' म्हणतो आणि तिथेच गल्लत होते.

पहिलं काम विजेचं. लॉकच्या बुडाला एक साधा फिरता स्विच असतो. बॅटरीचा प्लस मेन फ्यूजमधून त्याच्यापर्यंत येतो. चावी ऑन केली की आतली पितळी पट्टी दोन टोकं जोडते आणि तिथून करंट ईसीयू, पेट्रोलचा पंप, मीटर, इंडिकेटर यांना मिळतो. या स्विचला चावी कोणाची आहे याच्याशी देणंघेणं नसतं. लॉकमधल्या पातळ पत्र्या चावीच्या दात्यांशी जुळल्या, बॅरल फिरला, की तो जोडतो.

दुसरं काम ओळखीचं. लॉकच्या तोंडाभोवती प्लॅस्टिकचं कडं दिसतं ना, त्यात बारीक तारेचं वेटोळं असतं. तो अँटेना. चावी ऑन होताच त्यात साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चावीच्या डोक्यात जी चिप आहे तिला स्वतःची बॅटरी नसते. ट्रान्सफॉर्मरच्या एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज जाते तशी ती त्या क्षेत्रातूनच जागी होते. मग ईसीयू, किंवा काही गाड्यांत वेगळा इमोबिलायझर बॉक्स, चिपला एक आकडा पाठवतो, दर वेळी नवा. चिप तो आकडा आपल्याजवळच्या गुप्त संख्येत घोळवून उत्तर देते. तीच गुप्त संख्या ईसीयूकडेही असते, तो स्वतः गणित करून ताळा बघतो. जुळलं तर इंजेक्टर आणि कॉइल चालवायला मोकळीक. नाही जुळलं तर स्टार्टर कितीही फिरवा, पेट्रोलही नाही आणि ठिणगीही नाही. पंपाचा 'झूं' आवाज थांबायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कंपनीने बसवलेला इमोबिलायझर गाडी सुरू करतानाच ओळख विचारतो. इंजिन चालू झाल्यावर तो पुन्हा विचारत नाही. चालत्या गाडीचा दम तोडणं किती धोक्याचं आहे ते तुम्ही अनुभवलंच. म्हणून वळणावर इंजिन बंद पडलं त्याचा आळ इमोबिलायझरवर घालता येत नाही. मीटर काळा पडला, म्हणजे वीजच गेली. ती परत आली तेव्हा ईसीयू नव्याने जागा झाला, त्याने नव्याने ओळख मागितली आणि ती पटली नाही. मला इथे दोन स्वतंत्र दोष दिसतात, एकाने दुसऱ्याला उघडं पाडलेलं.

तीन गोष्टी कळवा. हे फक्त हँडल वळवल्यावरच होतं का? चावीच्या रिंगमध्ये आणखी काय काय आहे? आणि दिवा लुकलुकणं कधीपासून?

पायवाट

तारजोड दादा, मनापासून आभार. इतकं सरळ आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

१. हो, हँडल पूर्ण डावीकडे असतानाच. सरळ रस्त्यावर एकदाही नाही.
२. रिंगमध्ये गाडीच्या दोन्ही चाव्या, घराची चावी आणि एक धातूचं किचेन. डुप्लिकेट चावी घरात कुठेतरी पडून हरवेल म्हणून महिन्याभरापूर्वी मूळ चावीसोबतच अडकवली.
३. तुम्ही विचारल्यावर आठवलं. दोन महिन्यांपूर्वीही एकदा वळताना बंद पडली होती, पण तेव्हा लगेच चालू झाली. दिवा लुकलुकला नव्हता.

तारजोड

मग कोडं बरंचसं सुटलं. डुप्लिकेट चावी आजच रिंगमधून काढा. दोन्हीत चिप आहे. अँटेनाचं क्षेत्र काही सेंटिमीटरच पोचतं, पण लटकलेली दुसरी चावी नेमकी त्याच पट्ट्यात झुलत असते. दोन्ही चिप एकदम जाग्या होतात, एकदम बोलतात, आणि ईसीयूला एकाचंही धड ऐकू येत नाही. चावी लटकते कशी, यावर कधी चालतं कधी नाही. 'कधी चालू होते, कधी नाही' ते यामुळेच. दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असली तरी हेच होतं, आणि धातूचं जाड किचेनही कड्याला चिकटून बसलं तर क्षेत्र खातं. बऱ्याच कंपन्यांच्या गाडीसोबतच्या पुस्तिकेत ही सूचना छापलेली असते, पण गाडी घेतल्यावर ते पुस्तक उघडतो कोण.

वीज जाण्याचा दोष मात्र वेगळा शोधावा लागेल. लॉक वरच्या क्लॅम्पवर बसवलेला असतो, म्हणजे तो हँडलबरोबर फिरतो. त्याच्या वायरी मात्र खाली चासीला बांधलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या मुख्य जुडग्यात, जातात. प्रत्येक वळणाला तो जुडगा स्टिअरिंगच्या मानेजवळ वाकतो. वर्षानुवर्षं हजारो वेळा. वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं आणि आत तांब्याचे केस एकेक करून तुटतात.

जुना_चोक

वाचताना माझी पहिली गाडी आठवली. तिला बॅटरी होती ती फक्त हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. इग्निशन मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरताना स्वतःच बनवतं त्या विजेवर, आणि ठिणगी पाडणारा डबा एसी सीडीआय. नव्या पिढीला हे उलटं वाटेल, पण त्या गाड्यांत चावी 'ऑन' करणं म्हणजे काही जोडणं नव्हतं. चावी ऑफ असताना स्विच सीडीआयची एक वायर चासीला टेकवून ठेवायचा आणि स्पार्क मारून टाकायचा. ऑन केली की ती वायर सुटायची. म्हणजे कुलूप म्हणजे एक अर्थिंग. ते अर्थिंग नाहीसं झालं की कुलूपही गेलं. अशा गाडीची खरी राखण हँडल लॉक आणि साखळीच करायची. आजही करते.

पुढे डीसी सीडीआय आणि ट्रान्झिस्टर इग्निशन आलं, मग चावीतून खरोखर बॅटरीचा करंट जाऊ लागला. त्यातही काही कावासाकी आणि सुझुकी गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये १०० ओहमचा एक रेझिस्टर लपवलेला असे. इग्नायटर नुसते १२ व्होल्ट आले एवढ्यावर समाधान मानत नसे, त्या रेझिस्टरमधून आलेला नेमका व्होल्टेज दिसला तरच ठिणगी देई. चारचाकीतही त्याच विचाराची गोष्ट आहे. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटला चावीच्या पात्यातच रेझिस्टरची गोळी बसवली होती, एकूण १५ वेगवेगळ्या किमतींपैकी एक. चिपच्या आधीची ही पायरी. आज ती तोकडी वाटते, पण 'वीज पुरेशी नाही, ओळखही हवी' हा विचार तिथे रुजला.

जुन्या गाडीला नवा लॉकसेट टाकला आणि सगळं उजळतंय पण स्पार्क नाही, असं कुणाचं झालं तर आधी तो रेझिस्टर आठवा. या एका गोष्टीपायी चांगले सीडीआय बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

धूळपाटी

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी महिनोन्महिने एकटा लांबचा प्रवास करतो. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी चिप मेली तर काय करायचं? शंभर किलोमीटरवर कोणी नाही. म्हणून मी इमोबिलायझर कायमचा बंद करून घेतला आहे. पायवाट यांनाही तोच सल्ला देईन. जेवढे भाग कमी तेवढे बिघाड कमी.

रातराणी

धूळपाटी, तुमची अडचण खरी आहे, पण हा सल्ला सगळ्यांना देऊ नका अशी विनंती.

माझी गाडी दोन वर्षांपूर्वी चोरीला गेली. तिला इमोबिलायझर होता आणि त्याच भरवशावर मी साखळी लावायची सोडून दिली होती. पहाटे तिघांनी ती उचलून टेंपोत टाकली. समोरच्या कॅमेऱ्यात पाहिलं, कोणी चावीला हातही लावला नाही. चाकं जमिनीला टेकली नाहीत तिथे चिप काय करणार? पण पुढचं ऐका. गाडी अकरा दिवसांनी सापडली, एका पडक्या शेडमध्ये. लॉक फोडलेला, वायरी ओरबाडलेल्या, आणि तरीही ती चालू झाली नव्हती. चालू झाली असती तर परत दिसलीच नसती असं तपास करणारे म्हणाले. म्हणून मी आज दोन्ही करते: चिप आहे तशी ठेवते, आणि मागच्या चाकातून जाड साखळी ओवून ती जमिनीतल्या कड्याला लावते. उचलून नेण्याला उत्तर लोखंडाने द्यायचं, चालवून नेण्याला चिपने.

धूळपाटी

ताई, हा मुद्दा पटतो. माझी गाडी रात्री बहुतेक माझ्या तंबूशेजारी असते, म्हणून मी वेगळा हिशेब केला. शहरात रस्त्यावर लावणाऱ्याने तो करू नये, हे कबूल.

सांकेतिक

मी सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून चिपच्या बाजूने भर घालतो. 'चिप आहे म्हणजे अभेद्य' आणि 'चिप तर फोडता येते, मग उपयोग काय' ही दोन्ही वाक्यं मला नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही चूक आहेत.

चिपचं गणित किती पक्कं यावर सगळं अवलंबून. सगळ्यात साध्या चिप दर वेळी तोच ठरावीक कोड सांगतात, तो एकदा ऐकला की नक्कल झाली. त्यापुढच्या चिप प्रश्नोत्तर करतात, जसं तारजोड यांनी लिहिलं. त्यातली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक चिप फक्त ४० बिटांची गुप्त संख्या वापरायची. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए या सुरक्षा कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. ४८ बिटांच्या हायटॅग २ या चिपची तीच गत २०१२ मध्ये झाली. मेगामॉस क्रिप्टो या चिपवरचा शोधनिबंध तर २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने मनाई केल्यामुळे अडला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांत दोष साधारण सारखाच: कंपन्यांनी आपली गणितं गुप्त ठेवली, आणि काहींनी संख्याही लहान ठेवल्या. सगळ्यांसमोर तपासून निघालेलं गणित आणि १२८ बिटांची संख्या, हा रस्ता नंतर धरला गेला.

तरी रातराणी ताईंचा अनुभव अपवाद नाही. प्रयोगशाळेतला हल्ला एक गोष्ट आणि रस्त्यावरचा चोर दुसरी. अमेरिकेत २०११ ते २०२१ मधल्या कित्येक ह्युंडाई आणि किया मोटारींना इमोबिलायझर नव्हता. समाजमाध्यमांवर त्यांच्या चोरीचे व्हिडिओ पसरले आणि मुलं केवळ गंमत म्हणून त्या पळवू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा विभागाने या प्रकाराशी जोडलेले किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू नोंदवले. कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर सुधारणा द्यावी लागली. चिपवाल्या चावीच्या मोटारी त्या लाटेत तशा सापडल्या नाहीत. एका छोट्या चिपने एवढा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट, पायवाट यांच्या भीतीसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमध्ये ६२ क्रमांकाचा नियम खास हँडलवाल्या वाहनांच्या चोरीविरोधी साधनांबद्दल आहे. इंजिन चालू असताना हे साधन चुकून लागू होऊन धोका होऊ नये अशी रचना हवी, असं त्यात आहे. तारजोड म्हणतात ते नुसता अनुभव नाही.

पहिलाचगिअर

आणि कीलेस गाड्या? चावी खिशात, बटण दाबलं की चालू. त्या जास्त सुरक्षित की कमी?

सांकेतिक

वेगळ्या. कीलेसमध्ये गाडी कमी वारंवारतेच्या लहरींनी, म्हणजे त्याच १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, आसपासच्या फोबला (खिशातल्या रिमोट चावीला) हाक मारते. फोब स्वतःच्या बॅटरीवर, ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देतो. गाडी असं धरून चालते की हाक जवळच्यालाच ऐकू जाते. तिथेच फट आहे. एकाने गाडीजवळ आणि दुसऱ्याने तुमच्या घराच्या दाराजवळ उपकरण धरून ही हाक लांबवर पोचवली, तर उत्तर अगदी खरं येतं, फक्त माणूस जवळ नसतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मोटारींवर हे करून दाखवलं. गणित फोडायची गरजच पडली नाही. फोब रात्री बंद करता येत असेल तर करा, नाहीतर घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

नव्या गाड्यांत ईसीयू, मीटर, एबीएस एकाच कॅन तारजोडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक तारांवर, बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली आणि बीएमडब्ल्यूने २००४ च्या आर १२०० जीएस मोटरसायकलमध्ये ती वापरली. वायरी कमी झाल्या, निदान सोपं झालं. पण त्या तारांवर बोलणाऱ्या प्रत्येकावर बाकीचे विश्वास ठेवतात. २०२३ मध्ये उघड झालेल्या एका टोयोटा चोरीत चोर हेडलाइटमागच्या वायरीतून त्या तारांपर्यंत पोचले होते. म्हणून गाडीला कोणी काही 'जोडून' देत असेल तर तो काय आणि कुठे जोडतोय, उभं राहून बघा.

तारजोड

शेवटचं वाक्य मी दुकानाच्या भिंतीवर लिहून लावीन. माझ्याकडे येणाऱ्या 'इमोबिलायझर गेला' अशा गाड्यांमध्ये बाहेरून बसवलेल्या अलार्मचा उपद्रव फार. इग्निशनच्या वायरीची साल काढून, पीळ मारून, वर काळी टेप. दोन पावसाळे गेले की तिथे हिरवा गंज. त्यात रिमोटने गाडी चालू करायची सोय असली तर ती बहुतेक वेळा इग्निशन स्विचला समांतर रिले (विजेने चालणारा स्विच) लावूनच केलेली असते, म्हणजे कुलपाशेजारी आपणच दुसरं दार काढायचं.

शिवाय बॅटरी. अलार्म झोपेत २० मिलिअँपिअर खात असेल आणि बॅटरी ५ अँपिअर-अवरची असेल, तर भागाकार करा: २५० तास, म्हणजे साडेदहा दिवसांत ती पूर्ण रिकामी. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यातच सेल्फ ओढेनासा होतो. बॅटरी मेली की स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतका खाली जातो की ईसीयू मध्येच झोपतो, ओळख अर्धी राहते आणि दिवा लुकलुकतो. मग पुन्हा दोष चिपला.

धूळपाटी, तुमच्यासाठी. चिप सहसा मरत नाही. तिला बॅटरी नाही, हलणारा भाग नाही. मरते ती चावी आपटून, किंवा डोकं तडकून चिप बाहेर पडून. काही गाड्यांत ती जेमतेम १२ मिलिमीटर लांबीची प्लॅस्टिकची पाचर असते, पडली तर रस्त्यावर सापडायची नाही. बायपासऐवजी डुप्लिकेट चावी वेगळ्या बॅगेत, कापडात गुंडाळून ठेवा. काही कंपन्यांनी संकटासाठी वाटही ठेवलेली असते. जुन्या काही ड्युकाटींसोबत एक कोड कार्ड मिळायचं, त्यावरचा पाच आकडी कोड थ्रॉटल फिरवून गाडीला सांगता यायचा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असं काही आहे का, निघण्याआधी पाहा.

पायवाट, मल्टीमीटर आहे का? असेल तर तपासणी सांगतो.

पायवाट

आहे. सांगा.

तारजोड

ओहमवर मोजू नका, फसाल. दहापैकी दोन केस शिल्लक असले तरी मीटर ती वायर चांगलीच दाखवतो, कारण मीटर तिच्यातून करंट नगण्य पाठवतो. तिला ओझं द्यायचं आणि मग मोजायचं.

मीटर डीसी व्होल्टवर. लाल काडी बॅटरीच्या प्लसवर. काळी काडी इग्निशन स्विचच्या कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) मागून, स्विचकडून बाहेर जाणाऱ्या वायरीवर. इंजिन बंद, चावी ऑन, हेडलाइट चालू. मीटरवर येईल तो आकडा म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंत वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर वायर, स्विचचे काळवंडलेले संपर्क किंवा कपलरची सैल पिन. मग हँडल हळूहळू डावीकडे न्या आणि आकड्यावर नजर ठेवा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कोणीतरी धरायला असू द्या.

पायवाट

आज दुपारी बसलो. मुलीने गाडी धरली, मी मीटर.

हँडल सरळ असताना १.४ व्होल्ट. मला वाटलं काडी नीट टेकली नाही, म्हणून तीनदा पाहिलं. तेवढाच. मग हँडल डावीकडे न्यायला लागलो. १.९. २.६. शेवटच्या इंचात आकडा ६ वर उडाला, हेडलाइट पिवळा पडला आणि गाडीचा मीटर काळा. मुलगी ओरडली, "बाबा, हेच!" तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते भूत माझ्या समोर, माझ्या वेळेला आलं.

टाकी उचलली. लॉकपासून खाली येणाऱ्या जुडग्यावर काळी स्लीव्ह आहे. ती मानेजवळ चपटी आणि गुळगुळीत झालेली, चासीच्या कडेला घासून. स्लीव्ह चिरली. आत चार जाड-बारीक वायरी आणि अँटेनाचा वेगळा जोड. जाड लाल वायर बाहेरून अगदी नवी दिसते. पण बोटांनी चिमटीत धरून वाकवली तर एका जागी ती सुताच्या दोऱ्यासारखी लुळी पडते, बाकी ठिकाणी तारेसारखी उभी राहते. तिथली साल काढली तर तांबं काळं-हिरवं आणि मोजून तीन केस शाबूत. बाकीचे टोकाला टोक टेकून होते.

तारजोड

छान सापडलं! आणि हिशेबही जुळतो. हेडलाइट आणि बाकीचं मिळून समजा ६ अँपिअर, १.४ व्होल्ट हरवले, म्हणजे वाटेतला विरोध ०.२३ ओहम. मल्टीमीटरच्या काड्यांचाच विरोध तेवढा असतो. ओहमवर मोजलं असतं तर वायर पास झाली असती आणि ईसीयू बदलला गेला असता.

तुटकी जागा नुसती जोडू नका. जोड वाकणाऱ्या ठिकाणी आला तर सोल्डरच्या कडेला सहा महिन्यांत पुन्हा तुटेल. दोन्ही बाजूंना चांगलं तांबं लागेपर्यंत मागे जा, तेवढ्याच जाडीचा लवचिक वायरीचा तुकडा घाला, आणि दोन्ही जोड मानेपासून लांब, सरळ भागात येऊ द्या. वर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. मग हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघा, जुडगा कुठेही ताणला जात नाही ना. अँटेनाची जोडीही तपासा, ती बारीक असते आणि त्याच मानेतून गेली आहे.

जुना_चोक

काम करताना किचेनही हलकं करा. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला लाखो मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण इग्निशन स्विच इतका सैल होता की धक्क्याने किंवा जड रिंगच्या ओझ्याने चावी चालत्या गाडीत 'रन'वरून सरकायची. इंजिन बंद, एअरबॅगही बंद. कंपनीच्या भरपाई योजनेने १२४ मृत्यू त्याच्याशी जोडले. दुचाकीचा स्विच वेगळा, पण लोंबणारं ओझं लॉकला झिजवतंच.

पायवाट

झालं. नवा तुकडा घातला, जोड टाकीखाली सरळ भागात आले. आता सरळ हँडलला ०.२ व्होल्ट, पूर्ण डावीकडे ०.२, पूर्ण उजवीकडेही ०.२. अँटेनाच्या वायरी ठीक आहेत. रिंगमध्ये एकच चावी आणि एक कापडी पट्टी. काल आणि आज मिळून चाळीसएक वेळा चावी ऑन-ऑफ केली, दिवा प्रत्येक वेळी एकदा उजळून विझला. एकदाही लुकलुकला नाही.

मग मुद्दाम डुप्लिकेट चावी परत रिंगमध्ये अडकवून पाहिली. चौथ्या वेळेला लुकलुकला. काढली, गेला.

एक प्रश्न राहिला. गाडी घेताना दोन काळ्या चाव्यांसोबत एक लाल चावीही मिळाली होती. ती कपाटात पडून आहे. तीच डुप्लिकेट म्हणून वापरू का?

तारजोड

मुळीच नको! बरं झालं विचारलंत. यामाहासारख्या काही कंपन्या अशी लाल चावी देतात, ती रोज फिरवायची नसते. तिचं काम नव्या चाव्यांची ओळख ईसीयूला करून देणं. काळी चावी हरवली तर लाल चावीच्या साक्षीने दुसरी नोंदवता येते. लाल हरवली आणि पुढे काळ्याही गेल्या तर मात्र तो पहिला मेकॅनिक म्हणाला होता ते, सगळा संच बदलणं, खरंच करावं लागू शकतं. लाल चावी आहे तिथेच राहू द्या, आणि चावीसोबत आलेला नंबरचा बिल्ला असेल तर तोही तिच्यासोबत. घरातल्या आणखी एकाला जागा माहीत असू द्या.

पायवाट

बिल्लाही सापडला, त्याच पाकिटात होता. दोन्ही गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवले, मुलीला दाखवून. काळी डुप्लिकेट आता तिच्याकडे.

रातराणी ताई, तुमचं वाचून साखळीही आणली. जमिनीतलं कडं रविवारी बसवतो आहे.

रातराणी

कडं बसवाल तेव्हा बोल्टची डोकी बाहेर राहू देऊ नका. माझ्या पहिल्या कड्याचे बोल्ट पान्याने उघडता येत होते. वरून गोल डोक्याचे, एकदा आवळले की न सुटणारे बोल्ट मिळतात, ते घ्या. आणि साखळी चाकातून ओवताना ती जमिनीवर पडून राहणार नाही इतकी आखूड ठेवा, जमिनीवर टेकवून कापायला सोपी जाते.